आजोबांसाठी गाडी : एक अर्धामुर्धा इतिहास

दिवाळीत सांगलीला गेलो होतो. फराळाचं ताट संपायच्या आत आजोबांनी आरसी बुक पुढ्यात टाकलं. "बघ रे जरा तुझ्या इंटरनेटवर. रिपासिंगला आता किती लागतात?"

गाडी म्हणजे २००६ ची मारुती ८००. पंधरा वर्षं झाल्यावर २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी रिपासिंग केलं होतं, ते २०२६ मध्ये संपतंय. तेव्हा फी होती ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून ती ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १० हजार. वर ग्रीन टॅक्स वेगळा. मी आकडा सांगितला तर आजोबा म्हणाले, "भरू की."

पण प्रश्न पैशाचा नव्हताच. आजोबांचं वय ७६. डावा गुडघा झिजलाय आणि ८०० चा क्लच म्हणजे त्या गुडघ्याची रोजची परीक्षा. आत्याचं म्हणणं, आता गाडी पुरे, रिक्षाने जा. बाबांचं म्हणणं, ड्रायव्हर ठेवू. आजी काही बोलत नव्हती, पण आठवड्यातून दोनदा तिला मिरजेला तिच्या बहिणीकडे जायचं असतं आणि बहीण आता अंथरुणावरच आहे. रिक्षावाला नेतो, पण दोन तास थांबत नाही. शेवटी बैठकीत ठराव पास झाला, की मी (घरातला एकमेव 'कॉम्प्युटरवाला') चार लाखांच्या आत आजोबांना चालवता येईल अशी गाडी शोधावी. नाहीच सापडली तर आत्याचं ऐकायचं.

सोपं काम, असं मला वाटलं. एक्सेल शीट उघडली, कॉलम केले. आणि मग लक्षात आलं की 'म्हातारा माणूस' हा कॉलम कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही! मायलेज आहे, टचस्क्रीन आहे, सनरूफ आहे. सीट जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे मात्र कुणीही लिहीत नाही. असं का, ते शोधत शोधत मी मागे मागे गेलो आणि दोन वीकएंड त्यातच गेले.

तर मित्रहो, माझी थिअरी अशी आहे. आपल्याकडे म्हाताऱ्यांसाठी गाडी बनली नाही, कारण म्हातारा ड्रायव्हर हा प्राणीच आपल्याकडे नवा आहे. आधीच्या पिढ्यांत ज्यांच्याकडे मोटार होती त्यांच्यातले पुष्कळ जण मागच्या सीटवर बसायचे.

सुरुवात करायची तर वालचंद हिराचंदांपासून करायला हवी. विश्रामबागेत ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे ना, तेच. मूळचे सोलापूरचे. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. पुढे १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. त्या सुमारास सरकारने ठरवलं की ज्यांचा इथे खरोखर गाडी 'बनवायचा' कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं, नुसत्या जोडणीवाल्यांनी जावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. मोटारींच्या धंद्यात मुख्य तीन राहिले : उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढची पंचवीस-तीस वर्षं ग्राहकाने गाडी निवडायची नव्हती. गाडीने ग्राहकाला निवडायचं होतं, तेसुद्धा नंबर लावल्यावर काही वर्षांनी.

या काळातल्या गाड्या म्हाताऱ्यांच्या नजरेने बघितल्या तर गंमत दिसते. अँबॅसॅडर घ्या. मुळात ही ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड. १९५७ च्या सुमारास इथे आली ती मे २०१४ पर्यंत बनत राहिली. दार मोठं, छत उंच, सीट म्हणजे दिवाणखान्यातला सोफा. धोतर नेसलेला ऐंशी वर्षांचा पुढारी न वाकता आत शिरायचा आणि न वाकता बाहेर पडायचा. म्हाताऱ्या माणसासाठी याहून चांगली गाडी आपल्याकडे झाली नसेल. फक्त त्याने मागे बसायला हवं! स्टिअरिंग जड, क्लच जड, ब्रेक पहिलवानाचे. ते सगळं पगारी ड्रायव्हरने सोसायचं.

जुनी फियाट ११०० आठवते का? म्हणजे मला नाही आठवत, आजोबांना आठवते. हिला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणायचे. तिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागच्या बाजूला. अशा दारातून आत जाणं सोपं. पाठमोरं व्हायचं, बसायचं आणि पाय आत घ्यायचे. पण चालत्या गाडीत दार उघडलं तर वाऱ्याने फाडकन पूर्ण उघडणार, म्हणून ही पद्धत मागे पडली. गुडघे गेलेल्या माणसाच्या सोयीची एक गोष्ट सुरक्षिततेपायी गेली. तक्रार नाही, पण नोंद असावी. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड १९६१ मध्ये आली ती दोनच दारांची. मागे बसायचं तर पुढची सीट पाडून आत घुसायचं. एखाद्या आजीबाई नऊवारीत तिच्यात कशा शिरत असतील, याचा विचार इंग्लंडात ती गाडी काढणाऱ्याने नक्कीच केला नसणार.

आजोबा पाटबंधारे खात्यात होते. ऑफिसची जीप होती, तिला ड्रायव्हर होता आणि साहेबाने स्टिअरिंगला हात लावायचा नाही असा अलिखित नियम होता. म्हणजे तेही मागच्या सीटवरचेच (जीपमध्ये शेजारच्या, असो). वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी सेकंड हँड प्रीमियर पद्मिनी घेतली आणि तिच्यावर शिकले. १०८९ सीसी, स्टिअरिंगच्या खालीच गिअरचा दांडा, पुढे सलग बाक, थंडीत चोक ओढून सुरू करायची. "ती चालवायला दंडात ताकद लागायची मर्दा," असं आजोबा अजून अभिमानाने सांगतात. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सीने पुष्कळ वर्षं राज्य केलं. शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

मग आली मारुती. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या ८०० ची चावी ग्राहकाच्या हातात पडली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या चाकांना ताकद. याबद्दल इतकं लिहून झालंय की मी काय वेगळं सांगणार. पण एका गोष्टीकडे माझं लक्ष या निमित्ताने पहिल्यांदा गेलं. ८०० ही ड्रायव्हर ठेवण्यासारखी गाडीच नव्हती. मागे ऐसपैस बसावं असं तिच्यात काही नव्हतं. ती मालकानेच चालवायची. गाडी हलकी, त्यामुळे पॉवर स्टिअरिंग नसूनही वळायची. बँकेतले, एलआयसीतले, कॉलेजातले, पाटबंधाऱ्यातले लोक, ज्यांच्या घराण्यात कुणी मोटार चालवली नव्हती, ते रविवारी मैदानावर जाऊन शिकले.

आता साधा हिशेब करा. १९८६ मध्ये पस्तिशीत ८०० घेतलेला माणूस २०२६ मध्ये पंचाहत्तरीचा होतो. आयुष्यभर स्वतः गाडी चालवलेली मध्यमवर्गाची पहिली मोठी पिढी आत्ता म्हातारी होतेय. त्यांच्या वडिलांना 'गाडी सोडायची कधी' हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण धरलीच नव्हती. म्हणून घरात कुणाला उत्तर माहीत नाही. आत्या रिक्षा म्हणते आणि बाबा ड्रायव्हर म्हणतात, कारण त्यांनी म्हातारी माणसं तशीच पाहिलीत.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न आधी आला. १९९० च्या दशकात फोर्डने इंग्लंडातल्या लफबरो विद्यापीठाच्या मदतीने एक पोशाख तयार केला, 'थर्ड एज सूट'. तो चढवला की गुडघे, कोपरं, मान आखडते, कंबर जाड होते, हातमोज्यांमुळे बोटांची जाणीव कमी होते आणि चष्म्यातून मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं. तिशीतल्या इंजिनिअरांना हा घालून गाडीत चढउतार करायला लावायचे. १९९८ ची फोकस या प्रयोगांतून गेलेली. मला हे भारी आवडलं. मग मी काय केलं, तर डाव्या गुडघ्याला क्रेप बँडेज करकचून बांधलं आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मित्रांच्या गाड्यांत चढत-उतरत बसलो. वॉचमनने दोनदा येऊन चौकशी केली :)

पण त्यातून एक गोष्ट पक्की समजली. खेळ सगळा सीटच्या उंचीचा आहे. बुटक्या गाडीत माणूस 'पडतो' आणि निघताना स्वतःचं वजन गुडघ्यांवर उचलतो. उंच एसयूव्हीत आधी एक पाय आत ठेवून दुसऱ्यावर चढावं लागतं आणि साडीत तर ते आणखी अवघड. मधली एक उंची अशी आहे की माणूस नुसता मागे सरकून टेकतो. घरातल्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण अठरा इंच असते. गाडीची सीट त्याच्या जितकी जवळ तितकं बरं. पुढचे दोन शनिवार मी टेप घेऊन शोरूम हिंडलो. एका ठिकाणी सेल्समनने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे मला सर्वात मोठी एसयूव्ही दाखवली. "सर, सीनिअर सिटिझनना रोड प्रेझेन्स लागतो."

ही मधली उंची आपल्याकडे आली ती मात्र म्हाताऱ्यांसाठी नाही. सुझुकीने जपानमध्ये १९९३ मध्ये वॅगनआर काढली. तिथे 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे, लांबी-रुंदी आणि इंजिन कायद्याने बांधलेलं, ६६० सीसीच्या आत. लांबी वाढवता येत नाही तर उंची वाढवा, असा सरळ विचार. बसणारा ताठ बसला की पाय कमी जागेत मावतात. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या जपान्यांना ही जात फार मानवली. आपल्याकडे १९९८ मध्ये ह्युंदाईने सँट्रो आणली, 'टॉल बॉय' म्हणून, आणि १९९९ च्या शेवटी मारुतीने मोठ्या इंजिनाची वॅगनआर. दोन्हींच्या रूपाला लोकांनी यथेच्छ नावं ठेवली. डबा काय, खोकं काय. त्या डब्यात माझी आजी न वाकता बसते, हे मला आत्ता कळलं.

दुसरी गोष्ट क्लचची. ऑटोमॅटिक गाड्या १९९० च्या दशकातही होत्या. एस्टीम, झेन यांच्या तशा आवृत्त्या निघाल्या होत्या, पण महाग आणि पेट्रोल पिणाऱ्या. आपल्या लोकांनी फिरवली पाठ. चित्र बदललं २०१४ च्या फेब्रुवारीत, सेलेरिओ आली तेव्हा. तिच्यातली एएमटी म्हणजे खरं तर जुगाड आहे आणि इंजिनिअर म्हणून मला तो फार आवडतो. गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचही नेहमीचाच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या हातापायांऐवजी हायड्रॉलिक यंत्रणा आणि एक छोटा कॉम्प्युटर. मॅन्युअलपेक्षा साधारण चाळीस हजार जास्त. गिअर बदलताना गाडी किंचित डुलते, चढावर मागे सरकू शकते. पण शहराच्या ट्रॅफिकला कंटाळलेल्या आमच्यासारख्या पोरांनी ती उचलून धरली. पुन्हा तेच. बनली आमच्यासाठी, कामाला आली आजोबांच्या गुडघ्याच्या.

इथे नॅनोसाठी दोन मिनिटं शांतता. २००८ मध्ये पाहिलेली, २००९ मध्ये आलेली, लाखाची म्हणून गाजलेली आणि स्वस्त म्हणूनच हिणवली गेलेली. सुरुवातीला पॉवर स्टिअरिंग नाही, मागची काच उघडत नाही. पण २०१५ च्या नॅनोत पॉवर स्टिअरिंग होतं, उघडणारी डिकी होती आणि एएमटीसुद्धा! उंच छत, छोटी लांबी, कुठेही वळणारी. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या पंचाहत्तरीतल्या जोडप्यासाठी कागदावर याहून नेमकी गाडी मला दिसली नाही. २०१८ मध्ये ती जवळपास थांबलीच. तिचा खरा ग्राहक तेव्हा पासष्टीचा होता आणि त्याची ८०० अजून व्यवस्थित चालत होती.

तर शीटमध्ये उरली ती उंच सीट अधिक एएमटी. वॅगनआर. झालं की! असं म्हणून मी शीट बंद करणार होतो, तेवढ्यात एक बातमी वाचली आणि झोप उडाली.

बातमी जुनी आहे. १९ एप्रिल २०१९, टोकियोतलं इकेबुकुरो. ८७ वर्षांच्या चालकाची ऑटोमॅटिक गाडी वेगाने सुटली आणि एक तरुण आई आणि तिची लहान मुलगी गेली. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला, असा निकाल कोर्टाने दिला. जपानमध्ये १९९७ पासून म्हाताऱ्या चालकांनी गाडीवर लावायची खूण आहे, १९९८ पासून लायसन्स स्वखुशीने परत करायची सोय आहे, पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणाला स्मरणशक्तीची चाचणी आहे. तरी हे घडलं. आपल्याकडे पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करायचं, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून. आजोबांच्या मागच्या सर्टिफिकेटसाठी डॉक्टरांनी त्यांची तब्येत विचारली, ती तोंडीच.

मॅन्युअल गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय दाबतो. उजवा चुकून ॲक्सिलरेटरवर पडला तरी डावा क्लचवर असतो, त्यामुळे इंजिन बोंबलतं पण गाडीला ताकद मिळत नाही. आमच्या भाषेत याला फेल-सेफ म्हणतात. ऑटोमॅटिकमध्ये ही दुसरी कडी नाही. ज्या पेडलपायी आजोबांचा गुडघा दुखतो, तेच पेडल चाळीस वर्षं त्यांचा जीव सांभाळत होतं. हे आजोबांना सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस काढले. मग सरळ फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. म्हणाले, "चालवून बघू. नाही जमलं तर मीच सांगेन. आत्याला सांगायची गरज नाही."

टेस्ट ड्राइव्हला मी शेजारी, आजी मागे. पहिल्याच सिग्नलला त्यांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि सापडला ब्रेक. क्लच दाबतात तसा पूर्ण दाबला. गाडी जागच्या जागी गच्च. आजी पट्ट्यात अडकली म्हणून वाचली. मागच्या रिक्षावाल्याने आमचा उद्धार केला. आजोबांनी गाडी कडेला घेतली, डाव्या पायाची चप्पल काढली आणि तो पाय सीटखाली मागे ओढून घेतला. परत येईपर्यंत तो तिथेच होता.

नवीन गाडी ऑन-रोड बजेटबाहेर जात होती (सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तरीही). म्हणून २०२२ ची सेकंड हँड वॅगनआर एएमटी बघितली. सेकंड हँड घेणाऱ्यांनी जुलै २०१९ नंतरचीच बघावी. एबीएस, ड्रायव्हरची एअरबॅग, रिव्हर्सचे सेन्सर हे त्या वर्षी सक्तीचे झाले आणि मान वळत नसलेल्या माणसाला सेन्सर म्हणजे वरदान आहे.

बाबांचा मात्र विरोध होता आणि तो मला खोडता आला नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला. २०२५ पासून तिच्यात सहा एअरबॅग आल्या, पण आम्ही घेत होतो ती दोनवाली. टाटा टियागोला २०२० मध्ये चार तारे होते आणि एएमटीही होती. पण तिची सीट खाली. आजोबा टियागोत बसले, आणि उतरताना दाराला धरून दोनदा झोके घ्यावे लागले. धडक झाली तर टियागो बरी, रोज दहा वेळा चढायला-उतरायला वॅगनआर बरी. म्हाताऱ्या बरगड्या तरुणांपेक्षा लवकर मोडतात, हेही खरं. मी शेवटी वॅगनआर म्हटलं, अटी घालून : हायवे नाही, अंधार पडल्यावर नाही, पुण्याला येताना रेल्वेने. आजोबांनी अटी मान्य केल्या, पण मला अजूनही अधूनमधून तो एक तारा दिसतो.

गाडी घेतल्यावर सहा रविवार मी सांगलीला जात होतो. सकाळी सातला रिकाम्या मैदानात दोन विटा ठेवायच्या आणि त्यांच्यामध्ये थांबायचं. मी मध्येच "ब्रेक!" म्हणून ओरडायचं. पहिल्या रविवारी डावा पाय तीनदा पुढे आला. चौथ्या रविवारी एकदा. शेवटच्या दोन रविवारी एकदाही नाही. मी ते शीटमध्ये लिहून ठेवलंय. दर सहा महिन्यांनी पुन्हा विटा मांडायच्या आणि पाय पुढे आला तर चावी आत्याकडे, हे आजोबांनीच ठरवलं.

८०० विकली नाही. रिपासिंगही केलं नाही. दारात उभी आहे, आजोबा तिला आठवड्यातून एकदा सुरू करून दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवतात. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोघं वॅगनआरने मिरजेला जातात. आजी आता पुढे बसते. तिचं म्हणणं, सिग्नलला आजोबांच्या डाव्या पायावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.